राज्य विद्यापीठात पीएचडीला प्रवेश घ्यावा का? वर्षं कुठं जातात ते सांगते

प्रश्न असा आलाय: एमएस्सी झालंय, नेट या पात्रता परीक्षेत जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली नाही पण पीएचडी प्रवेशापुरती पात्रता मिळाली, राज्य विद्यापीठात मुलाखत लागलीय, आणि सीनियर सांगतायत की तिथं जाऊ नकोस, सात-आठ वर्षं जातात, गाईड म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक राबवून घेतात, शेवटी हातात काही येत नाही. तर घ्यावा का प्रवेश?

मी स्वतः राज्य विद्यापीठातच एमएस्सी आणि पीएचडी केली, नंतर वनस्पतिशास्त्र विभागात शिकवायला लागले, आता २१ वर्षं होतील. माझ्याकडं आत्तापर्यंत ९ जणांची पीएचडी झाली आणि दोघांची अर्धवट राहिली. ती दोघं मला जास्त आठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढीच असशील, म्हणून 'तू'च म्हणते.

वर्षं जातात हे सीनियर म्हणतात ते खोटं नाही. पण नेमकी कुठं जातात हे कुणी नीट सांगत नाही, आणि ते आधी कळलं तर त्यातली बरीच वाचवता येतात.

आधी नियमातलं घड्याळ बघ. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पीएचडीची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६ वर्षं, कोर्सवर्क म्हणजे सुरुवातीचा ठरलेला अभ्यासक्रम त्यातच धरलाय. सहात नाही झालं तर रि-रजिस्ट्रेशन करून अजून २ वर्षं मिळतात म्हणजे ८, आणि मुलींना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना वर आणखी २ वर्षांची सवलत आहे. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्न किंवा दुसऱ्या कुठल्या कारणानं मुलीला गाव बदलावं लागलं तर तिचं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं, काही अटी असतात पण नेता येतं. हे मुद्दाम सांगते कारण "लग्न ठरलंय मॅडम, आता सोडावं लागेल" असं म्हणत माझ्यासमोर रडलेल्या मुली आहेत आणि त्यातल्या एकीलाही ही सोय माहीत नव्हती.

म्हणजे सात-आठ वर्षं ही सगळं लांबत गेलं तरची गोष्ट आहे. नीट चाललं तर साडेचार-पाच वर्षांत होतं, माझ्याकडची बहुतेक तेवढ्यात झाली. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के लागतात. मग विषय मंजूर व्हायचा, मग दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं प्रगती सांगायची, शेवटी प्री-सबमिशनचं प्रेझेंटेशन, थीसिस म्हणजे प्रबंध, बाहेरचे दोन परीक्षक, खुली व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. थीसिस दिल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत उरकावं असं नियमात आहे. कुठं उरकतं, कुठं नाही, ते परीक्षक कोण नेमलेत आणि त्यांच्या मागं कोण लागतंय यावर असतं.

आता गाईड. सगळ्यात जास्त याच्यावरच लिहिणार आहे कारण विद्यापीठाच्या नावापेक्षा हा एक निर्णय दहापट मोठा आहे. तू पाच वर्षं विद्यापीठात राहत नाहीस, एका माणसाच्या सहीखाली राहतेस. पोरं काय करतात, विषय आवडला की गाईड पक्का. मी म्हणेन विषय थोडा इकडंतिकडं झाला तरी चालेल, माणसाकडं वेळ आहे का आणि तो दिलेलं वाचतो का हे बघ. हे बघायची एक चांगली सोय आहे ती म्हणजे शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची ही साइट, देशभरच्या विद्यापीठांतल्या पीएचडीच्या थीसिस तिथं फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्याकडं जायचा विचार आहे त्यांचं नाव टाक, त्यांच्या तीन-चार विद्यार्थ्यांच्या थीसिस उघड. रजिस्ट्रेशन कधी झालं आणि सबमिशन कधी, ते पहिल्या पानांत सापडलं तर बघ. मग संदर्भसूची उघड, शेवटच्या पाच वर्षांतले पेपर त्यात आहेत की सगळं जुनंच आहे? एकाच गाईडच्या दोन थीसिसमधली पद्धतीची प्रकरणं शेजारी ठेव, शब्द न् शब्द सारखी निघाली तर तिथं कुणी वाचत नाही एवढं समज. ऋणनिर्देश पण वाच. तिथं पोरं मनापासून लिहितात, गाईडनी कुठं वेळ दिला ते नेमकं लिहिलेलं असतं, आणि जिथं नुसतंच "मार्गदर्शन लाभले" एवढंच आहे तिथंही तुला काहीतरी कळतं.

मग त्या विभागात जाऊन ये, पण गाईडना भेटायच्या आधी पोरांना भेट. आत्ता तिथं शिकणारे विद्यार्थी लॅबमध्ये मोकळं बोलणार नाहीत, त्यांना बाहेर गाठ, आणि शक्य झालं तर सोडून गेलेल्या एखाद्याला फोन कर. "सर कसे आहेत" असं विचारू नकोस, सगळे चांगलेच म्हणतील. असं विचार की शेवटचा चॅप्टर दिला त्याला किती दिवसांत परत मिळाला. याचं उत्तर लगेच येतं किंवा येत नाही, दोन्हीतून कळतं. आणखी, नियमानं प्रोफेसरकडं एका वेळी ८, असोसिएटकडं ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडं ४ च विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळं निवृत्ती कधी आहे हे सरळ विचार, त्यात उद्धटपणा काही नाही. तरुण असिस्टंट प्रोफेसरला पोरं नाक मुरडतात, नाव नाही म्हणून. मी उलट सांगेन, चार विद्यार्थी असलेला आणि स्वतःचे पेपर अजून लिहीत असलेला माणूस तुला जास्त वेळ देईल. मोठं नाव असलेल्यांच्या दारात आठ जण रांगेत आणि साहेब कुठल्यातरी समितीवर बाहेरगावी, हे मी पुष्कळ पाहिलंय.

राबवून घेतात का? काही ठिकाणी घेतात, हे मी लपवणार नाही. पेपर तपासायला लावणं, परीक्षेची कामं, कधी घरची कामंसुद्धा. विभागातलं काम, प्रॅक्टिकल घेणं, नमुने लावणं, सेमिनारची तयारी, हे थोडं करावं आणि त्यातून शिकायला पण मिळतं. घरची कामं करू नकोस, पहिल्या वेळीच नम्रपणे नाही म्हण, पहिल्यांदा नाही म्हणणं सोपं असतं, दहाव्यांदा फार अवघड. आणि त्यापलीकडचं काही असेल, कुणी नको तसं बोललं वागलं, तर प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते, यूजीसीचे २०१५ चे नियम त्यासाठीच आहेत, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. मेसेज डिलीट करू नकोस. गाईड बदलता येतो, अर्ज करून, त्रास होतो पण बदलता येतो, आणि मी स्वतः दुसऱ्यांकडून आलेल्या दोन मुली घेतल्यात, दोघींची झाली.

आता पैशाचं. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे तिचाच वरचा टप्पा झाला की ४२,०००, घरभाडं वेगळं. तुला ती नाही, तर तुझ्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती म्हणजे फेलोशिप आहेत, त्यांच्या साइट बघत राहा आणि कागदपत्रं आत्ताच तयार ठेव, जाहिरात आल्यावर जातपडताळणी आणि उत्पन्नाच्या दाखल्यामागं पळू नकोस. तुझी पात्रता फक्त प्रवेशापुरती असल्यानं तो स्कोअर एकच वर्ष चालतो, त्यामुळं "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची सोय तुझ्याकडं नाही. आणि जेआरएफसाठी पुन्हा बसायला हरकत नाही, प्रवेश घेतल्यावरसुद्धा, माझ्या दोघांनी पीएचडीच्या पहिल्या वर्षात असतानाच काढली. फेलोशिप कुठलीही असो, पहिला हप्ता हातात पडेपर्यंत पाच-सहा महिने जातात असं धरून चाल, तेवढ्या खर्चाची सोय नसेल तर घरच्यांशी आधीच स्पष्ट बोल. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करणारे खूप आहेत. पार्टटाइम पीएचडीला नियमात परवानगी आहे. पण तास, पेपर तपासणी, दोन कॉलेजांमधला प्रवास, यात संध्याकाळी डोकं रिकामं राहत नाही. अर्धवट राहिलेल्या माझ्या दोघांतली एक मुलगी याच कारणानं थांबली. हुशार होती, तिचे फील्डचे नमुने अजून आमच्या कपाटात आहेत, तिच्या अक्षरातल्या लेबलांसकट.

ऑफिसबद्दल एक प्रसंग सांगते. माझ्या एका विद्यार्थ्याची फेलोशिप सात महिने आली नाही. तो दर पंधरा दिवसांनी खिडकीवर जायचा, "वर पाठवलंय" एवढंच उत्तर. शेवटी मी त्याच्याबरोबर गेले, टेबलावरच्या बाईंनी फाईल काढली, आणि आम्ही तिघांनी एकेक कागद समोर ठेवला. अवॉर्ड लेटरवर त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत आडनाव आधी. आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. सिस्टीम तीन वेगळी माणसं समजत होती. बाईंनी तिथंच सांगितलं की आधार दुरुस्त करा, बँकेत तसंच करून घ्या, महिन्यात झालं. सात महिने कुणी अडवून ठेवलं नव्हतं, कुणी कागद शेजारी ठेवून बघितला नव्हता. तेव्हापासून नवीन विद्यार्थी आला की मी पहिल्याच दिवशी दहावीची सनद, आधार, पासबुक आणि नेटचं पत्र एका ओळीत मांडून घेते. तूही आजच करून बघ. आणि प्रत्येक अर्जाची पोच घे, झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख, एक फाईल फक्त पोचपावत्यांची. समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त, विषय मंजुरीचं पत्र, मुदतवाढीचं पत्र, सगळं त्यात. विभागातले क्लार्क बदलतात, गाईड रजेवर जातात, फाईल तुझ्याकडं असली पाहिजे.

लॅबसाठी काही मागवायचं असेल तरी तीच गत, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, मग ऑर्डर. जूनमध्ये लागणारं केमिकल जानेवारीत मागायचं. आमच्या विषयात पावसाळा हातचा गेला की अख्खं वर्ष गेलं, फुलं तुझ्यासाठी थांबत नाहीत.

आता जे मला खरं सांगायचंय ते. माझ्याकडचा एक मुलगा, घरातला पहिला पदवीधर, पहिल्या वर्षी इतका नेमानं यायचा की लॅबची किल्ली त्याच्याकडंच असायची. त्यानं पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा पहिला मसुदा दिला, १४ पानं. मी नेहमीसारखं लाल पेननं तपासून दिलं, सगळ्या पानांवर खुणा. त्यानंतर तो दिसायचा बंद झाला. मला वाटलं काम चाललंय, फील्डवर असेल. त्याला वाटलं मॅडम नाराज आहेत. एक दिवस मी हर्बेरियममधून, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून, बाहेर येत होते तर तो जिन्यापाशी उभा, छातीशी फाईल धरलेली, माझ्या खोलीच्या दाराकडं दोन पावलं आला आणि परत वळला. हाक मारली म्हणून आला. फाईल उघडली तर तीच १४ पानं, कोपरे गुंडाळले गेलेले, आणि माझ्या प्रत्येक लाल शेऱ्याखाली त्यानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठीत उत्तर लिहिलेलं. मी तिथंच उभ्यानं वाचलं. उत्तरं बरोबर होती, दोन ठिकाणी तर माझाच शेरा चुकला होता. "मग दाखवलं का नाहीस" विचारलं तर म्हणाला, "इंग्रजीत नाही जमलं मॅडम." सात महिने. त्या दिवशी आम्ही ठरवलं की मसुदा मराठीत लिहायचा, मी मराठीतच तपासणार, आणि मुद्दे पक्के झाल्यावर मग दोघांनी बसून इंग्रजी करायचं. त्याची पीएचडी पाच वर्षांत झाली.

दुसरा मुलगा, अर्धवट राहिलेल्यांतला, तोही असाच गप्प झाला होता, आणि त्या वेळी मी हाक मारली नव्हती. मला ते अजून लागतं. तेव्हा मला वाटायचं मोठी पोरं आहेत, त्यांची त्यांनी बघावं. आता कुणी तीन आठवडे दिसलं नाही तर मी फोन करते. पण सगळे गाईड करत नाहीत, म्हणून तुला सांगते, काम झालं नसलं तरी भेटायला जा. विशेषतः झालं नसलं की जा. दर पंधरा दिवसांनी एक ठरलेली वेळ माग आणि जाताना एका पानावर तीन ओळी लिहून ने, काय केलं, कुठं अडलं, काय हवंय. भेट झाल्यावर जे ठरलं ते ईमेलनं पाठव, "आज ठरल्याप्रमाणे" एवढ्या शब्दांनी सुरू कर. गाईडलाही आठवण राहते आणि उद्या वाद झाला तर तुझ्याकडं लिखित राहतं.

लिहिण्याचं अजून थोडं. मराठीत विचार करून मराठीत कच्चं लिहिणं यात कमीपणा नाही, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत तर थीसिसही मराठीत देता येते आणि उत्तम थीसिस मराठीत आहेत. अडचण तेव्हा होते जेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून पोरं दुसऱ्याची वाक्यं उचलतात. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत परत द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सबमिट करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. पण आकड्याच्या भीतीनं शब्द फिरवून टाकणं हाही उपाय नाही, परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि मला काय कळलं ते लिहायचं.

पेपरचं थोडक्यात. २०२२ च्या नियमांत थीसिस देण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती काढलीय, तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विचारून घे. यूजीसी-केअरची, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळं जर्नल कुठलं धड ते आता तुला आणि गाईडला ठरवावं लागणार. "आठ दिवसांत छापतो, एवढे भरा" असा मेसेज आला तर उत्तर देऊ नकोस. एकच पेपर, पण तुझ्या क्षेत्रातली माणसं वाचतात अशा ठिकाणी.

एवढं सगळं ऐकून वाटेल की मग जावंच कशाला. जावं, कारण राज्य विद्यापीठात जे मिळतं ते दुसरीकडं या पैशात आणि या मोकळेपणानं मिळत नाही. फी परवडणारी. पुण्यातलं जयकर ग्रंथालय घे, कोल्हापूरचं खर्डेकर ग्रंथालय घे, तिथल्या जुन्या जर्नलांच्या कपाटांपुढं एक दुपार उभी राहा म्हणजे कळेल मी काय म्हणते ते. एकाच कॅम्पसवर संख्याशास्त्र, भूगोल, मराठी, रसायन सगळं चालत जायच्या अंतरावर असतं, माझ्या एका मुलीचं आकडेमोडीचं अख्खं प्रकरण संख्याशास्त्राच्या एका सरांनी चहाच्या वेळेत बसून सोडवून दिलं, ओळख ना पाळख. हॉस्टेलवर प्रत्येक जिल्ह्यातली पोरं असतात, कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कुणाचे शिक्षक असतात, आणि रात्री मेसनंतर कट्ट्यावर जे बोलणं होतं त्यातून माणूस मोठा होतो. मी तरी तिथंच झाले.

तर तुझ्या प्रश्नाला सरळ उत्तर: गाईड वाचणारा असेल आणि पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय असेल तर घे प्रवेश. दोन्हींतलं एक जरी नसेल तर त्याच विद्यापीठात दुसरा गाईड बघ, किंवा एखाद्या प्रकल्पात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून सहा महिने काम करून मग ठरव. मुलाखतीला जाण्याआधी शोधगंगेवरच्या तीन थीसिस, सोडून गेलेल्या एकाला फोन, आणि चार कागदांवरचं नाव एवढं करून घे. नाव जुळत नसेल तर आधारची दुरुस्ती याच आठवड्यात टाक, तिला वेळ लागतो.